अंजनाबाईंचे पोहे फिके का पडले

अंजनाबाई गजभिये यांना आपल्या पोह्यांच्या रंगाचा फार अभिमान होता. चवीचं काय, पोह्यांवरच्या तर्रीच्या रश्शात तिखट ओतलं की ती कोणालाही जमते, असं त्या म्हणायच्या. पण त्यांच्यासारखा पिवळाधमक रंग नागपूरच्या अख्ख्या इंदोरा वस्तीत दुसऱ्या कुठल्या ठेल्यावर नव्हता. हे त्या स्वतःच सांगत, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगायची पाळी येत नसे.

मी त्यांच्याच गल्लीत राहते आणि जवळच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळा सकाळी सातची. माझ्या घरात त्या वेळेला चहाही धड होत नाही, त्यामुळे बारा वर्षं माझा नाश्ता अंजनाबाईंच्या ठेल्यावरच झाला. घरासमोरच टेबल, त्यावर पोह्यांची मोठी परात, शेजारी हरभऱ्याच्या तर्रीचं पातेलं, आणि मागे पदर खोचून उभ्या अंजनाबाई. वय साठच्या पुढे, आवाज चाळिशीतला.

हळद त्या कधी पुडीतली आणत नसत. "पुडीत काय काय घालते कोनाले माहीत," असं म्हणून त्या दरवर्षी होळीनंतर बाजारात जात, एका ठरलेल्या दुकानात दोन तास बैठक मारत आणि हळकुंडं एक एक करून निवडत. चकचकीत, गुळगुळीत, सोन्यासारखी. मग ती गिरणीवर स्वतः उभं राहून दळून आणत. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ आपल्या हळदीत पडू नये म्हणून गिरणीवाल्याला दोनदा जातं झाडायला लावत. अशी शुद्ध हळद नागपुरात कोणाच्या घरी नाही, असं त्यांचं मत होतं आणि आमचंही.

त्यांचे यजमान देवराव. एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे मेकॅनिक होते, आता घरीच असतात. माणूस मनाने चांगला, पण चिडका. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी भांडायचे. हवामान खात्याशी भांडायचे. एकदा गॅसवाल्याने सिलिंडर जोरात आपटलं म्हणून त्याला ते परत उचलून हळू ठेवायला लावलं होतं. शिळे पोहे त्यांना फार आवडत, म्हणून सकाळचे ताजे आणि दुपारचे उरलेले असे दोनदा खात.

मागच्या वर्षी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये डॉक्टरांचं शिबिर लागलं. डॉ. शामला नावाची एक तरुण डॉक्टर आणि तिच्याबरोबर सात-आठ विद्यार्थी. त्यांना रक्तातलं शिसं मोजायचं होतं. कारखान्यात काम करणाऱ्यांचं नाही, तर "विशेष काही न करणाऱ्या साध्या लोकांचं", असं त्यातला एक विद्यार्थी म्हणाला. देवराव तिथेच त्याच्यावर घसरले.

"काहून? आमी काही करत नाही असं कोनं सांगतलं तुले?"

हिमोग्लोबिन फुकट पाहून मिळत होतं आणि वर बिस्किटाचा पुडा होता, म्हणून गल्लीतल्या बहुतेकांनी रक्त दिलं. अंजनाबाईंनी सहा वर्षांच्या नातीलाही नेलं. दीक्षा माझ्याच वर्गात होती. सुईला ती रडली नाही. पुडे मात्र दोन मागितले.

तीन आठवड्यांनी कागद आले. कागदावर एकच आकडा ठळक छापलेला. दुसरं काही कोणाला समजत नव्हतं, म्हणून लोकांनी दहावीच्या निकालासारखे आकडे विचारायला सुरुवात केली.

"तुमाले किती?"

"एकवीस."

"आमच्या यायले तेवीस."

"वा."

मला अकरा होते. मला जरा लाजच वाटली. देवरावांना एकोणतीस आणि अंजनाबाईंना चौतीस. गल्लीत पहिल्या. अंजनाबाईंनी तो कागद ठेल्यावर तर्रीच्या पातेल्याला टेकवून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "मागच्या खेपेले डाक्टर म्हणे, रक्तात लोखंड कमी आहे. चला, शिसं तरी भरपूर निघालं."

सगळ्यात कमी आकडा गोपाळरावांचा होता. तीन. गोपाळराव म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त गृहस्थ. नालीच्या पाण्यावरून त्यांचं आणि देवरावांचं नऊ वर्षांपूर्वी वाजलं होतं आणि तेव्हापासून ते या ठेल्यावर फिरकले नव्हते. सकाळी पपई खायचे आणि फिरायला जायचे. तीन आकडा पाहून ते खट्टू झाले आणि दोन दिवस फिरायलाही गेले नाहीत.

रविवारी डॉ. शामला परत आली आणि तिने सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं की आकडा जितका मोठा तितकं वाईट. खरं तर रक्तात शिसं असूच नये. पाचच्या वर गेलं की ते कुठून येतंय ते शोधायचं. शिशाला वास नाही, चव नाही. ते हळूहळू हाडांत जाऊन बसतं. पोट दुखतं, शौचाला साफ होत नाही, अंगात रक्त कमी पडतं, दाब वाढतो, विसरायला होतं, झोप नीट लागत नाही, चिडचिड होते.

ती एक एक सांगत होती आणि हॉलमधला प्रत्येक माणूस मान हलवत होता. आम्हाला सगळ्यांना ते सगळंच होतं. गोपाळराव तेवढे ताठ बसले होते. दोन दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पहिल्यांदा पाहिलं.

अंजनाबाईंनी हात वर केला.

"चिडचिड म्हंता ना तुमी डाक्टरीणबाई. ते किती वर्साची राहू शकते?"

"म्हणजे? मला नाही समजलं."

"यायची बेचाळीस वर्साची आहे." त्यांनी शेजारी बसलेल्या देवरावांकडे बोट केलं. "शिसं निघालं तं जाईन का ते?"

हॉल हसला. डॉ. शामलाही हसू दाबत म्हणाली, "कमी होऊ शकते आजी."

"लिहून द्या," अंजनाबाई म्हणाल्या.

"मले काही चिडचिड नाही," देवराव एवढ्या जोरात म्हणाले की दारातला विद्यार्थी दचकला.

मग शिसं कुठून येतं यावर आठवडाभर गल्लीत चर्चा चालली. देवरावांचं म्हणणं, विजेच्या कारखान्यांची राख उडते, ती सगळी आपल्याच छतावर पडते. अंजनाबाईंचं म्हणणं, देवरावांनी तीस वर्षं बॅटऱ्या हाताळल्या आणि त्याच कपड्यांनी घरात आले, हे त्यांचंच पाप आहे. देवराव म्हणाले, बॅटऱ्या मी हाताळल्या तर आकडा तुझा जास्त कसा? यावर अंजनाबाई म्हणाल्या, कपडे कोण धूत होतं? हा मुद्दा बरोबर होता आणि देवराव परत राखेवर आले. रिक्षा चालवणारा रुपराव, जो रोज ठेल्यावर दोन प्लेट खायचा, त्याला पाण्याच्या नळांचा संशय होता. मला माझ्या खडूंचा होता.

पुढच्या शनिवारी डॉ. शामला पिस्तुलासारखं एक यंत्र घेऊन घरोघरी आली. ते एखाद्या वस्तूवर टेकवायचं, घोडा दाबायचा, अर्ध्या मिनिटात त्यात किती शिसं आहे ते पडद्यावर येतं. ही बातमी यंत्राच्या आधी गल्लीभर पोचली. बायका पैंजण घेऊन आल्या, जर्मनची भांडी घेऊन आल्या, एकीने सासूची बुगडी आणली आणि ती सोन्याची आहे का ते बघून द्या म्हणाली. रुपराव म्हणाला, माझ्या दाढेत काहीतरी भरलं आहे, ते पाहा. डॉ. शामलाने यंत्र माणसावर लावत नाहीत असं सांगितलं तेव्हा तो नाराज झाला.

अंजनाबाईंच्या घरात तिने भिंतीचा रंग पाहिला, नळ पाहिला, दीक्षाची खेळणी पाहिली, पितळेचं पातेलं पाहिलं. देवरावांनी जपून ठेवलेली एक जुनी बॅटरी आणि अंगणात वाळत घातलेले कपडेही पाहिले. बॅटरीत शिसं निघालं, पण ती बारा वर्षं माळ्यावर पिशवीत बांधलेली होती. मग स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडला. तिखट ठीक. धणे ठीक. हळद.

यंत्राने वेळ घेतला. डॉ. शामलाने परत एकदा घोडा दाबला. मग ती म्हणाली, "आजी, ही हळद कुठली?"

"हिचं इचारू नका," अंजनाबाई म्हणाल्या, "ही मी डोयासमोर दळून आनते. यात काही मिसळाले जागाच नाही."

"दहाच्या वर असू नये. इथं बाराशे दाखवतंय."

अंजनाबाईंनी फळीवरचा मोठा डबा काढला आणि त्यातली अख्खी हळकुंडं ताटात ओतली. डॉ. शामलाने एक उचललं, फडक्याला पाणी लावून त्यावर घासलं. फडकं पिवळंजर्द झालं आणि हळकुंड तपकिरी. मग तिने ते मोडलं. आतून ते साधं होतं, मातकट पिवळं. रंग सगळा वरच होता. हळकुंडं चमकावीत म्हणून वर एक पिवळी पूड चोळतात, तिच्यात शिसं असतं, असं तिने सांगितलं. अंजनाबाई दोन तास बसून नेमकी तीच निवडून आणत होत्या.

मला वाटलं, आता त्या दुकानदाराला शिव्या देतील. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"दीक्षाचा किती आला होता?"

"सोळा," डॉ. शामला म्हणाली.

"लेकराले रोज रातच्याले हळदीचं दूध देते मी. कोरोना आला तवापासून. सर्दी होऊ नये म्हनून. चमचाभर टाकते."

आणि त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. सून पायलने त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. दीक्षाला पहिलीत अक्षरं लक्षात राहत नव्हती, हे मीच महिनाभरापूर्वी त्यांच्या घरी सांगून आले होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की दूध वाढवते. ते मला त्या क्षणी आठवलं आणि त्यांनाही आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉ. शामलाने समजावलं की एका मुलाबद्दल असं बोट ठेवून सांगता येत नाही, अक्षरं अनेक कारणांनी अडतात. पण लहान शरीराला सोळा म्हणजे बरंच. आता लगेच बंद करा, लोह आणि कॅल्शियमची औषधं देते, अंडी द्या, हिरव्या भाज्या द्या, आकडा खाली येईल.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई हळकुंडांची पिशवी घेऊन दुकानात गेल्या. मला सोबत नेलं, कारण देवरावांना नेलं असतं तर दुकान उरलं नसतं. दुकानदार शेठ जुना ओळखीचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"बाई, मी तर वरून आलेला माल विकतो. पण एक बात बोलू? चार साल पहले मी तुम्हाला बिना पॉलिशचा माल दाखवला होता. तुम्ही काय म्हणाल्या याद आहे का?"

अंजनाबाईंना आठवत होतं. मलाही त्यांनी तो किस्सा हसून सांगितला होता. त्या म्हणाल्या होत्या, "ही हयद आहे का झाडाच्या मुया?"

"सब गाहक असंच बोलतात," शेठ म्हणाला. "चमक नाही तर कोणी हात लावत नाही."

अंजनाबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं. "मी चुकली," त्या म्हणाल्या. "पन मी इकत घेनारी आहे. तू इकनारा आहेस. तुले माहीत पायजे होतं." पिशवी त्यांनी परत आणली, कारण ती कुठे टाकली तर दुसरं कोणी उचलेल. डॉ. शामलाने ती पुरावा म्हणून घेतली. पुढे अन्न खात्याची माणसं त्या दुकानातून नमुने घेऊन गेली आणि शेठने पॉलिशचा माल काढून टाकला, असं ऐकलं.

प्रश्न ठेल्याचा होता. देवराव म्हणाले, "हयद बदल आन गप राह. लोकायले सांगाची काय गरज आहे? ठेला बसून जाईन."

"लोकायच्या घरीबी लेकरं आहेत," अंजनाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, एक पाटी लिहून द्या."

मी लिहिलं, आजपासून आमचे पोहे फिके मिळतील. जुन्या हळदीत शिसं निघालं. ज्यांनी आमचे पोहे खाल्ले त्यांनी विहारात येऊन रक्त तपासून घ्यावं. शेवटी मी 'खेद आहे' असं लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं आणि म्हणाल्या, "खेद काय असते? माफी म्हना." मी खोडून माफी लिहिलं.

नवी हळद त्यांच्या धाकट्या बहिणीकडून आली, कुहीजवळच्या गावातून. परसात लावलेली, घरी उकडलेली, वाकडीतिकडी, अंगाला माती लागलेली. गिरणीवाल्याने विचारलं, "मावशी, आलं दळता का हे?" तिचे पोहे झाले ते साधारण आजारी माणसाच्या रंगाचे.

पहिल्या दिवशी पाटी वाचून निम्मे लोक परत गेले. उरलेल्या निम्म्यांना आपल्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांचं कारण सापडलं. एकजण म्हणाला, तरीच माझे गुडघे. एका बाईचा मुलगा बारावीत नापास झाला होता, तिने ते पोह्यांवर घातलं. मुलगा ठेल्यावर कधी आलाच नव्हता, तो समोसे खायचा. एका गृहस्थाने टक्कल दाखवलं. अंजनाबाई प्रत्येकाचं ऐकून घेत आणि म्हणत, "रक्त तपासून घ्या." एरवी कोणी मीठ कमी आहे म्हटलं तर त्या प्लेट काढून घेत. आता कोणी काहीही म्हटलं तरी गप्प. हे पाहायला मला आवडत नव्हतं.

रुपरावचा आकडा सव्वीस निघाला. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, एक घास खाल्ला आणि इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ते जुनी हयद थोडीशी आहे का वं? चवीपुरती टाक ना."

"अरे, ते जहर आहे."

"हो. पन थोडीशी."

तिथे अंजनाबाईंचा धीर सुटला. इतके दिवस गिळलेलं सगळं त्यांनी रुपरावावर काढलं. शिशाला चव नसते हे त्याला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात समजावलं, त्याच्या आईचं नाव घेतलं, त्याच्या रिक्षाचं नाव घेतलं. रुपरावने मुकाट्याने दोन प्लेट फिके पोहे संपवले. अंजनाबाई परत अंजनाबाई झाल्या, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

गंमत म्हणजे नवं गिऱ्हाईक म्हणून सगळ्यात आधी आले गोपाळराव. नऊ वर्षांनी. पायांत फिरायचे बूट, हातात काठी. म्हणाले, "अंजनाबाई, एक प्लेट द्या. आता सेफ आहे म्हणे."

अंजनाबाईंनी देवरावांकडे पाहिलं. देवराव आत निघून गेले. अंजनाबाईंनी प्लेट भरली आणि तर्रीचे तीन डाव ओतले, जे त्या नेहमीच्या तिखट खाणाऱ्यालाही देत नाहीत. पपईवर वाढलेला माणूस. पहिल्या घासाला त्यांचे डोळे भरून आले. पण मागे हटले नाहीत, संपवली. मग घाम पुसत म्हणाले, "नऊ वर्षं मी काय मिस केलं हे आज कळलं." आता रोज येतात आणि प्रत्येकाला आपला तीनचा आकडा सांगतात. त्यांना बघून चार लोक येतात, म्हणून अंजनाबाई सहन करतात.

आठ महिन्यांनी परत शिबिर झालं. अंजनाबाई चौतिसावरून सतरावर आल्या, मी पाचवर. हाडांतलं निघायला वर्षं लागतात, असं डॉ. शामला म्हणाली. देवराव एकोणतीसवरून चौदावर. अंजनाबाईंनी ते दोन्ही कागद समोर ठेवले.

"शिसं अर्धं झालं. चिडचिड तं तेवढीच आहे."

डॉ. शामला बोलायच्या आतच देवराव म्हणाले, "मंग? मी का शिशाच्या भरवशावर होतो?"

दीक्षाचा आकडा सोळावरून सातवर आला होता. पोटदुखी थांबली होती, ओठांचा फिकेपणा गेला होता. अंजनाबाईंनी विचारलं, अक्षरांचं काय. डॉ. शामलाने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, वाढतं वय आहे, आकडा अजून खाली आणू, दरवर्षी तपासू, आणि तोवर हिच्याशी बोला, हिला वाचायला बसवा, तेही औषधच आहे.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला दीक्षा ठेल्यामागच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसते. ती आता दुसरीत आहे. सावकाश वाचते, बोट ठेवून, जोडाक्षर आलं की थांबते आणि कधीकधी मनाचंच काहीतरी वाचून पुढे जाते. अंजनाबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे त्या पोहे परतता परतता प्रत्येक ओळीला "बरोब्बर" म्हणतात. मी प्लेट हातात धरून दुरुस्त करायला गेले की म्हणतात, "मॅडम, तुमी आधी खाऊन घ्या. गरम आहे तवर."